संप्रेरकं बनवणारे जिवाणू: परीक्षानळीतला गुलाबी रंग आणि शेतातलं मूळ

शेवाळ (धागाकर्ता)

जिवाणू खतांच्या माहितीपत्रकांत एक ओळ हमखास असते: "आयएए निर्मिती ४० मायक्रोग्रॅम प्रति मिली". प्रबंधांतही तेच. आकडा जितका मोठा तितका जिवाणू भारी, असा त्यामागचा समज. हा समज मला मुळातच चुकीचा वाटतो.

आयएए म्हणजे इंडोल-३-ॲसेटिक आम्ल, वनस्पतींमधलं मुख्य ऑक्सिन (मुळांची वाढ आणि घडण ठरवणारं संप्रेरक). त्याचा रेणुभार १७५. म्हणजे ४० मायक्रोग्रॅम प्रति मिली हे झालं साधारण २२८ मायक्रोमोलर. आणि मूळ किती संवेदनशील असतं? बाहेरून दिलेलं आयएए ०.१ मायक्रोमोलरच्या आसपास गेलं की बऱ्याच रोपांच्या मुख्य मुळाची लांबी वाढणं मंदावतं. म्हणजे माहितीपत्रकावर मिरवलेली मात्रा मूळ आखूड करायला पुरेशा मात्रेच्या दोन हजार पटींहून जास्त आहे. तेवढं ऑक्सिन खरोखर मुळाशी पोचलं तर ते खत नव्हे, तणनाशक म्हणून विकावं लागेल. (२,४-डी हे तणनाशक कृत्रिम ऑक्सिनच आहे.)

सुदैवाने तेवढं पोचत नाही. नळीत एवढं आयएए बनतं, कारण आपण जिवाणूंना ट्रिप्टोफॅन (आयएएचा कच्चा माल असलेलं अमिनो आम्ल) आयतं घालतो आणि एका मिलीत कोट्यवधी पेशी वाढवतो. मुळावर त्याच जिवाणूच्या विखुरलेल्या छोट्या वसाहती असतात आणि ट्रिप्टोफॅन मिळतं ते मुळातून पाझरेल तेवढंच.

बहुतेक उपयोगी जिवाणू ज्या वाटेने आयएए बनवतात ती अशी: ट्रिप्टोफॅन, मग इंडोल पायरुविक आम्ल, मग इंडोल ॲसेटाल्डिहाइड, मग आयएए. मधल्या पायरीचं विकर 'आयपीडीसी' जनुकावरून बनतं. ॲझोस्पिरिलम ब्रासिलेन्समध्ये (गव्हा-मक्यासारख्या पिकांना देतात तो नत्र स्थिर करणारा जिवाणू) ही वाट प्रमुख आहे. दुसरी वाट इंडोल ॲसेटामाइडमधून जाते आणि ती ॲग्रोबॅक्टेरियम, स्यूडोमोनास सॅवस्टनोई अशा गाठी आणणाऱ्या रोगकारकांमध्ये ठळक दिसते. तेव्हा 'आयएए बनवतो' एवढ्यावरून जिवाणू मित्र ठरत नाही.

ऑक्सिनखेरीज दुसरी संप्रेरकंही असतात. काही बॅसिलस जाती जिबरेलिनं बनवतात. सायटोकायनिनं स्यूडोमोनास फ्लुओरेसन्सच्या काही वाणांत आणि पानांवर राहणाऱ्या गुलाबी मिथायलोबॅक्टेरियममध्ये सापडतात. इथिलिनचा (हे वायुरूप संप्रेरक) मामला उलटा आहे, तिथे जिवाणू संप्रेरक बनवत नाही, त्याचा कच्चा माल पळवतो. त्यावर कुणीतरी सविस्तर लिहावं.

चर्चेला तीन गोष्टी घेऊ: चाचणी नीट कशी करायची, बियाण्यामागे किती जिवाणू हवेत, आणि देताना काय बिघडतं.


काचनळी

चाचणीबद्दल लिहिते. आयएए असलं की गुलाबी रंग देणारी साल्कोव्स्की चाचणी सोपी आहे, म्हणूनच ती सगळ्यात जास्त बिघडवली जाते.

अभिकर्मक: ०.५ मोलर फेरिक क्लोराइड १ मिली आणि ३५ टक्के परक्लोरिक आम्ल ५० मिली. सहा रेणू पाणी असलेलं फेरिक क्लोराइड असेल तर १० मिली द्रावणाला १.३५ ग्रॅम लागतं, निर्जल असेल तर ०.८१ ग्रॅम. बाटलीवर काय लिहिलंय ते बघा, इथेच अर्ध्यांचा हिशेब चुकतो. आम्ल ७० टक्क्यांचं असेल तर ते वजनाने तितक्याच पाण्यात हळूहळू ओता. आकारमानाने निम्मं केलंत तर घनता १.६७ असल्यामुळे ४४ टक्क्यांच्या जवळ जाल. परक्लोरिक आम्ल जबर ऑक्सिडीकारक आहे: सांडलं तर कागदाने किंवा कापडाने पुसायचं नाही, अल्कोहोलजवळ ठेवायचं नाही, तापवायचं नाही.

ट्रिप्टोफॅन: १० मिलिग्रॅम प्रति मिली साठा किंचित कोमट करून विरघळवा. याहून दाट करायला जाऊ नका, विरघळणार नाही. ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळा, ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेत निर्जंतुक) करू नका. ९५ मिली माध्यमात ५ मिली घातलं की ०.५ मिलिग्रॅम प्रति मिली होतं.

वाढ: २८ ते ३० अंश सेल्सिअस, मिनिटाला १२० ते १५० फेरे, फ्लास्क फॉइलमध्ये गुंडाळलेला, ४८ ते ७२ तास. आयएए मुख्यतः वाढ मंदावताना आणि थांबल्यावर साठतं. २४ तासांनी मोजून 'निगेटिव्ह' लिहिणं घाईचं आहे.

मोजणी: आधी ६०० नॅनोमीटरला पेशींची घनता घ्या. मग सेंट्रिफ्यूजमध्ये १०,००० जीवर (गुरुत्वाच्या १०,००० पट) १० मिनिटं फिरवून वरचं निवळ द्रव घ्या. १ मिली निवळ द्रव, २ मिली अभिकर्मक, अंधारात ३० मिनिटं, वाचन ५३० नॅनोमीटरला. रंग पुढेही बदलत राहतो, म्हणून सगळ्या नळ्यांना सारखाच वेळ द्या. चाळीस नळ्या असतील तर अभिकर्मकही ठरावीक अंतराने घाला आणि त्याच क्रमाने वाचा.

प्रमाण वक्र: १० मिलिग्रॅम आयएए १ मिली इथेनॉलमध्ये विरघळवून पाण्याने १० मिली करा. पुढचं विरलीकरण ट्रिप्टोफॅन घातलेल्या कोऱ्या माध्यमातच करायचं, पाण्यात नाही. ०, ५, १०, २०, ३०, ४०, ५० मायक्रोग्रॅम प्रति मिली एवढे बिंदू पुरेत. नमुना वक्राच्या वर गेला तर निवळ द्रव माध्यमाने पातळ करून चाचणी पुन्हा करा. रंग आलेलं मिश्रण पातळ करून चालत नाही.

नेहमीचे घोटाळे:

नळी गढूळ होते. आम्लाने प्रथिनं साकळतात. अर्धा तास झाल्यावर पुन्हा फिरवा, नाहीतर गढूळपणाच आयएए म्हणून मोजला जातो.

फ्लुओरेसंट स्यूडोमोनासचा पिवळट-हिरवा रंग मध्ये येतो. अशा वेळी त्याच निवळ द्रवात लोह न घातलेलं आम्ल मिसळून वेगळा ब्लँक (तुलनेची नळी) ठेवा.

ब्लँक कोऱ्या माध्यमाचा हवा, तो पाण्याचा घेतला जातो. यीस्ट अर्क किंवा ट्रिप्टोन असलेल्या माध्यमाला स्वतःचा रंग असतो.

आणि सगळ्यात मोठा: ही चाचणी फक्त आयएए ओळखत नाही. इंडोल पायरुविक आम्ल आणि इंडोल ॲसेटामाइडसुद्धा रंग देतात. म्हणजे ज्या वाटांचे टप्पे शेवाळ यांनी वर लिहिलेत, त्यांतला मधला मालही मोजला जातो. म्हणून अहवालात 'आयएए' न लिहिता 'साल्कोव्स्की-सकारात्मक इंडोल संयुगं, आयएएच्या तुलनेत' असं लिहिणं प्रामाणिक.


मातीगोळा

@काचनळी, उत्तम प्रतिसाद. दोन शंका. ट्रिप्टोफॅन न घालताही एखादा वाण १०-१२ मायक्रोग्रॅम देत असेल, तर तो स्वतः ट्रिप्टोफॅन बनवून वापरतोय असं म्हणता येईल का? आणि नेमकं आयएएच मोजायचं तर काय करावं?


काचनळी

माध्यम कुठलं त्यावर आहे. ट्रिप्टोन हे केसिनचं पचवलेलं प्रथिन, त्यात ट्रिप्टोफॅन असतंच. तसल्या माध्यमात 'ट्रिप्टोफॅनविना' हा शब्दच फोल आहे. खनिज क्षार आणि एकच कार्बन स्रोत असलेलं माध्यम घ्या. रोपण करण्याआधी पेशी दोनदा क्षारद्रावणात धुवा, नाहीतर आधीच्या माध्यमातलं ट्रिप्टोफॅन बरोबर येतं.

नेमक्या मोजणीसाठी एचपीएलसी (मिश्रणातली संयुगं स्तंभातून वेगळी करून मोजणारं यंत्र). निवळ द्रवाचा सामू हायड्रोक्लोरिक आम्लाने २.५ ते ३ वर आणा. आयएएचा पीकेए (ज्या सामूला निम्मं आम्ल आयन स्वरूपात असतं तो आकडा) ४.७५ आहे, सामू खाली नेला नाही तर ते आयन स्वरूपात पाण्यातच राहतं आणि इथिल ॲसिटेटमध्ये उतरत नाही. समान आकारमानाच्या इथिल ॲसिटेटने दोनदा काढा, ४० अंशांखाली कमी दाबात आटवा, मिथेनॉलमध्ये घ्या, सी-१८ स्तंभावर चालवा. २८० नॅनोमीटरचा शोधक चालतो, फ्लुओरेसन्स असेल तर अधिक बरं. सगळं काम मंद उजेडात. किती हाती लागलं हे तपासायला एका कोऱ्या माध्यमात माहीत असलेली मात्रा घालून तीच प्रक्रिया करा. हे न केलेला आकडा मी तरी गृहीत धरत नाही.

एचपीएलसी नसेल तर सिलिका पट्टीवर आयसोप्रोपेनॉल, अमोनिया, पाणी १०:१:१ चालवून साल्कोव्स्की फवारा. मोजमाप होत नाही, पण गुलाबी ठिपका आयएएच्या उंचीवर आहे की नाही ते दिसतं.


ढेकूळ

प्रयोगशाळेचं झालं, आता बियाण्याचं बघू.

गव्हा-मक्यासारख्या पिकांत ॲझोस्पिरिलमची उपयोगी मात्रा बियामागे किंवा रोपामागे साधारण १ ते १० लाख जिवंत पेशी. १० कोटींच्या पुढे गेलं की मुळं आखडायला लागतात. वर शेवाळ म्हणतात तोच मुद्दा, फक्त पेशींच्या भाषेत.

आता बाटलीवरचा आकडा घेऊन भागाकार करा. बाटलीत १ मिलीला १० कोटी, किलोला १० मिली लावलं, तर किलोभर बियाण्यावर १०० कोटी.

गहू: हजार दाणे ४० ग्रॅम धरले तर किलोत २५,००० दाणे. दाण्यामागे ४०,०००.
मका: हजार दाणे ३०० ग्रॅम, किलोत ३,३०० दाणे. दाण्यामागे ३ लाख.
मोहरी: हजार दाणे ४ ग्रॅम, किलोत अडीच लाख दाणे. दाण्यामागे ४,०००.

एकच बाटली, एकच 'किलोला १० मिली', आणि मक्याला बरोबर, गव्हाला कमी, मोहरीला नावापुरतं. त्यात बियाणं सुकताना दहातला एकच जगला (ॲझोस्पिरिलमच्या बाबतीत हे सहज होतं) तर मकाही ३०,००० वर येतो. बारीक बियाण्याला म्हणूनच १ मिलीला १०० कोटींचं द्रावण हवं, किंवा बियाण्याला न लावता पेरणीच्या सरीत सोडायला हवं.

उलटी चूकही होते. 'जास्त दिलं तर जास्त फायदा' म्हणून दाट कल्चरमध्ये (जिवाणू वाढवलेल्या द्रवात) बी रात्रभर भिजवतात. उगवण होते, पण मुख्य मूळ तोकडं, जाडसर, आणि लोक म्हणतात जिवाणू खतानेच पीक बसलं. त्यात पेशींबरोबर जुन्या माध्यमातलं साठलेलं आयएएसुद्धा जातं. कल्चर वापरायचं तर पेशी फिरवून, धुवून, नव्या क्षारद्रावणात घ्या.


उलटतपासणी

माझा आक्षेप वेगळा. ॲझोस्पिरिलम नत्र स्थिर करतं हे सगळ्यांना माहीत आहे. मग वाढ नत्रामुळे झाली की ऑक्सिनमुळे, हे कशावरून ठरवता? की आयएए मोजायला सोपं म्हणून श्रेय त्याला?


शेवाळ

रास्त प्रश्न. उत्तर उत्परिवर्तित वाणांतून मिळतं.

नत्र स्थिरीकरणाची जनुकं मोडलेले ॲझोस्पिरिलमचे वाणही रोपांची वाढ सुधारतात, म्हणजे निदान त्या रोपांत नत्र हे मुख्य कारण नाही. याउलट 'आयपीडीसी' मोडलेल्या वाणांचं आयएए खूप घटतं (पूर्ण शून्य होत नाही, इतर वाटा उरतात) आणि गव्हाच्या रोपांवर १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बेल्जियमच्या गटाच्या प्रयोगांत अशा वाणांनी न मोडलेल्या वाणासारखे परिणाम दाखवले नाहीत: मुख्य मूळ तितकं आखूड झालं नाही, मूलरोम तितके वाढले नाहीत.

म्हणजे मुळाच्या आकारातला बदल ऑक्सिनचा, एवढं ठामपणे म्हणता येतं. उत्पादनवाढ पूर्णपणे ऑक्सिनची, असं मात्र म्हणता येत नाही. बाजूची मुळं आणि मूलरोम वाढले की मूळ जास्त माती धुंडाळतं, पाणी, स्फुरद आणि जमिनीतलंच नत्र जास्त उचलतं. पानात वाढलेलं नत्र बघून 'जिवाणूने हवेतून आणलं' असा निष्कर्ष काढणं म्हणूनच धोक्याचं.

शेतातल्या निकालांबद्दल: ओकॉन आणि लाबांदेरा-गोन्झालेस यांनी १९९४ मध्ये जगभरातल्या वीस वर्षांच्या ॲझोस्पिरिलम प्रयोगांचा आढावा घेतला. ६० ते ७० टक्के प्रयोगांत फायदा दिसला, तोही साधारण ५ ते ३० टक्के वाढीचा. म्हणजे तीनातला जवळपास एक प्रयोग कोरडा गेला. माहितीपत्रकात ही ओळ कधी दिसत नाही.


उलटतपासणी

ठीक. मूलरोमांचा मुद्दा पटला. पण मग मुळाची 'लांबी' मोजून केलेले अर्धे प्रयोग निकालात निघतात की.


शेवाळ

निघतातच. मुख्य मुळाची लांबी हा एकच आकडा घेतला तर चांगला वाण नापास होतो. बाजूच्या मुळांची संख्या, मुळांची एकूण लांबी, मूलरोमांची लांबी आणि दाटी हे बघायला हवं. मुळं पाण्याच्या ताटलीत पसरून स्कॅन केली तर एकूण लांबी मिळते. मूलरोमांना साधा सूक्ष्मदर्शक पुरतो.


वाऱ्यावरची_वरात

इथिलिनचं मी लिहितो.

मुळात ऑक्सिन वाढलं की वनस्पतीत एसीसी सिंथेज हे विकर वाढतं. त्यातून एसीसी (इथिलिनचा कच्चा माल असलेलं अमिनो आम्ल), एसीसीपासून इथिलिन, आणि इथिलिन मुळाची वाढ रोखतं. म्हणजे जिवाणूने नुसतं ऑक्सिन दिलं तर वनस्पती स्वतःच ब्रेक लावते. एसीसी डिअमिनेज (एसीसी फोडणारं विकर) असलेले जिवाणू मुळातून पाझरलेलं एसीसी फोडून अमोनिया आणि अल्फा-कीटोब्युटिरेट करतात आणि तो नत्र म्हणून वापरतात. बाहेरचं एसीसी घटलं की आतलं आणखी बाहेर येतं, इथिलिन उतरतं. बर्नार्ड ग्लिक यांच्या गटाने १९९८ मध्ये मांडलेलं प्रतिमान हेच. पाणी साचणं, क्षार, दुष्काळ यांत वनस्पतीत इथिलिन वाढतं, म्हणून या जिवाणूंचा खरा उपयोग ताणातच दिसतो. सुखवस्तू कुंडीत फरक शोधत बसू नका.

चाचणीत काय फसतं: नेहमी ३ मिलिमोलर एसीसी हा एकमेव नत्रस्रोत असलेल्या डीएफ क्षारांच्या (ठरावीक खनिज क्षारांच्या माध्यमाच्या) अगारवर वाढ बघतात. पण नत्र स्थिर करणारे आणि अगारमधल्या अल्प नत्रावर भागवणारे जिवाणू तिथे एसीसीविनाही थोडे वाढतात. म्हणून तीन थाळ्या हव्यात: नत्राविना, एसीसीसह आणि अमोनियम सल्फेटसह (लिटरला २ ग्रॅम). वाढ पहिल्या थाळीपेक्षा ठळकपणे जास्त असेल तरच पुढे जा. एसीसी उष्णतेने बिघडतं, ते गाळूनच निर्जंतुक करायचं, साठा उणे २० अंशांना, आणि ओतण्याआधी अगार ५० अंशांच्या आसपास निवलेला हवा. शेवटी विकराची मोजणी: २,४-डायनायट्रोफिनाइलहायड्रॅझिन वापरून अल्फा-कीटोब्युटिरेट ५४० नॅनोमीटरला. ते होत नसेल तर 'एसीडीएस' या डिअमिनेजच्या जनुकाची पीसीआर (जनुक आहे का ते दाखवणारी चाचणी).

ॲझोस्पिरिलम ब्रासिलेन्सकडून हे काम अपेक्षू नका. ॲझोस्पिरिलम लायपोफेरमच्या ४बी वाणात मात्र हे जनुक आहे. एकाच वाणात सगळं शोधण्यापेक्षा ऑक्सिनवाला आणि डिअमिनेजवाला असे दोन वाण एकत्र देता येतात. फक्त ते एकमेकांना मारत नाहीत ना, हे आधी थाळीवर आडव्या-उभ्या रेषा ओढून बघा.


खुरपं

बीजप्रक्रियेत काय बिघडतं ते लिहितो, नेमकं इथेच सगळं वाया जातं.

पाणी. नळाच्या पाण्यातला क्लोरीन पेशी मारतो. पाणी उघड्या भांड्यात रात्रभर ठेवलं तर मोकळा क्लोरीन उडतो, पण क्लोरामाइन वापरलेलं असेल तर तो उडत नाही. तिथे विहिरीचं किंवा पावसाचं पाणी, नाहीतर चिमूटभर सोडियम थायोसल्फेट.

क्रम. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, ते पूर्ण वाळल्यावर सगळ्यात शेवटी जिवाणू. थायरम, कॅप्टन किंवा तांबंयुक्त औषध लावलेल्या बियाण्यावर ॲझोस्पिरिलम टाकायचंच नाही. तिथे जिवाणू सरीत द्या. एकाच बादलीत औषध आणि जिवाणू कालवणाऱ्यांना काय सांगावं!

चिकटवण. भुकटी रूपातलं संवर्धक किलोला २० ग्रॅम, सोबत १० टक्के साखरेचं किंवा पातळ गोंदाचं द्रावण, बियाणं नुसतं ओलसर होईल एवढंच. बी हाताला चिकटायला लागलं म्हणजे पाणी जास्त झालं. साल पातळ असलेल्या बियांना (भुईमूग, सोयाबीन) चोळू नका, पसरून वरून शिंपडा आणि हलक्या हाताने खालीवर करा.

वाळवणं. सावलीत २०-३० मिनिटं, पातळ थरात. उन्हात नाही, पंख्याखाली तासन्‌तास नाही. ॲझोस्पिरिलमला बीजाणू नसतात, कोरडं पडलं की पेशी भराभर मरतात. त्याच दिवशी पेरा. बॅसिलसचे बीजाणू आठवडे टिकतात, पण बीजाणू संप्रेरक बनवत नाही. तो रुजून, वाढून, मुळावर बसल्यावरच काम सुरू. त्यामुळे बॅसिलसकडून पहिल्या दोन-तीन दिवसांत मुळावर जादू अपेक्षू नये.

जमीन. कोरड्यात पेरून पावसाची वाट बघणार असाल तर जिवाणू लावून उपयोग नाही. वाफसा असताना पेरा.

रोप लागवडीत मुळं बुडवण्याची पद्धत सर्वांत खात्रीची: १ मिलीत १० लाख ते १ कोटी पेशी असं पातळ द्रावण, २० ते ३० मिनिटं, लगेच लागवड. १० कोटींचं कल्चर असेल तर १ लिटर कल्चर १० ते १०० लिटर पाण्यात.


पडीक_रान

@खुरपं, एक बाटली आणून ती साखरेच्या पाण्यात पिंपभर वाढवायची, हा प्रकार सर्रास चालतो. ॲझोस्पिरिलमसाठी तो कितपत योग्य?


काचनळी

मध्येच उत्तर देते. ॲझोस्पिरिलम ब्रासिलेन्स साध्या साखरेवर, म्हणजे सुक्रोजवर, वाढत नाही. ग्लुकोजही त्याला नीट चालत नाही. त्याची आवड मॅलेट, सक्सिनेट, लॅक्टेट अशी सेंद्रिय आम्लं. तेव्हा साखरेच्या पिंपात जे फसफसतं ते ॲझोस्पिरिलम नव्हे, पाण्यातले आणि पिंपातले इतर जिवाणू आणि यीस्ट. वास आंबूस आला, फेस आला की लोक खूश होतात. प्रत्यक्षात मूळ वाण विरळ होऊन नाहीसा झालेला असतो.

बॅसिलस सबटिलिस सुक्रोज वापरू शकतो, पण निर्जंतुक न केलेल्या पिंपात तोच जिंकेल याची हमी नाही.

वाढवायचंच असेल तर मॅलेट असलेलं माध्यम, निर्जंतुक भांडं, गाळलेली हवा, आणि सामूवर लक्ष. मॅलेट खाल्लं जातं तसा सामू चढतो. ब्रोमोथायमॉल ब्लू (सामूनुसार रंग बदलणारा दर्शक) घातलेलं एनएफबी माध्यम (नत्रविरहित मॅलेट माध्यम) हिरव्याचं निळं होतं ते त्यामुळेच. सामू ६.८ च्या आसपास ठेवला नाही तर वाढ अडते.

ओळख पटवायला नत्रविरहित अर्धघन एनएफबी उत्तम: लिटरला मॅलिक आम्ल ५ ग्रॅम, अगार १.७५ ते १.८ ग्रॅम, सामू ६.८. नळी हलवायची नाही. ॲझोस्पिरिलमला नत्र स्थिर करताना ऑक्सिजन थोडाच लागतो, म्हणून पृष्ठभागाच्या किंचित खाली पांढरट पडदा धरतो आणि वाढत वाढत वर सरकतो. पडदा अगदी वरच तरंगत असेल किंवा सगळी नळी गढूळ झाली असेल तर दुसरंच काही आहे. काँगो रेड (रंगद्रव्य) घातलेल्या थाळीवर वसाहती गडद लाल, तीन ते पाच दिवसांनी सुरकुतलेल्या.

मोजणीचं उदाहरण देऊन ठेवते: १ मिली ९ मिलीत, असं सहा वेळा केलं की दहा लाख पट विरलीकरण. त्यातलं ०.१ मिली पसरवलं आणि ४५ वसाहती आल्या, तर मूळ द्रावणात १ मिलीला ४५ कोटी. ३० ते ३०० च्या बाहेरच्या थाळ्या मोजायच्या नाहीत. ॲझोस्पिरिलम गुठळ्या करतो, आधी व्होर्टेक्सवर नीट फोडा, नाहीतर एक गुठळी म्हणजे एक वसाहत होऊन आकडा कमी येतो.


ढेकूळ

+१. 'बाटली जुनी आहे, पण वास चांगला येतोय' यावर एक स्वतंत्र धागा निघेल.


मातीगोळा

स्वतःच्या मातीतून वाण वेगळे करणाऱ्यांसाठी सूचना राहिली. मुळांभोवतालच्या मातीतून साल्कोव्स्कीला गडद गुलाबी येणाऱ्यांत क्लेब्सिएला, एंटरोबॅक्टर, सेराशिया, स्यूडोमोनास एरुजिनोसा हमखास असतात. यातले अनेक माणसाला, विशेषतः प्रतिकारशक्ती कमी असलेल्याला, संसर्ग करू शकतात. वाण हातात आल्यावर १६एस जनुकाचा (जिवाणूची ओळख पटवणारं जनुक) क्रम तपासल्याशिवाय तो फवारणीच्या पंपात जाता कामा नये. १६एसने प्रजातीपर्यंत खात्री होत नसेल (बर्खोल्डेरियामध्ये नेहमी होत नाही) तर तो वाण सोडून द्यावा. ३७ अंशांना जोमाने वाढतो का हे बघणं स्वस्त आहे, पण त्याने सुटका होत नाही, तो फक्त पहिला इशारा.


उलटतपासणी

कुंडी प्रयोगाची मांडणी कुणीतरी लिहा. तुलनेसाठी 'काहीच न दिलेली कुंडी' एवढंच ठेवून केलेले प्रयोग वाचून कंटाळा आलाय.


शेवाळ

किमान चार गट हवेत.

१. काहीच नाही, फक्त तेवढंच पाणी.
२. जिवंत, धुतलेल्या पेशी.
३. त्याच संख्येच्या ऑटोक्लेव्ह केलेल्या मृत पेशी. पेशीत नत्र-स्फुरद असतं, त्याचा खत म्हणून होणारा परिणाम यातून कळतो.
४. पेशी काढून टाकलेलं जुनं माध्यम. यात आधीच बनलेलं आयएए असतं. दुसरा आणि चौथा गट सारखाच निघाला तर जिवंत जिवाणूची गरजच सिद्ध होत नाही.

'आयपीडीसी' मोडलेला वाण मिळाला तर पाचवा गट तोच, आणि तो सगळ्यात बोलका. मृत पेशींचं ऑटोक्लेव्हिंग करताना एक लक्षात ठेवा: पेशी फुटून आतला माल बाहेर येतो, म्हणून फिरवून निवळ द्रव टाकू नका, सगळंच द्या.

बी वरून निर्जंतुक करायला ७० टक्के इथेनॉल १ मिनिट, २ टक्के सोडियम हायपोक्लोराइट ५ ते १० मिनिटं, मग निर्जंतुक पाण्याने पाच वेळा धुणं. शेवटचं धुतलेलं पाणी थाळीवर पसरवून बघा. काही उगवलं तर बी अजून निर्जंतुक झालेलं नाही. हायपोक्लोराइट नीट धुतलं नाही तर पुढे लावलेले जिवाणू मरतात आणि दुसरा गट पहिल्यासारखाच निघतो.

माती ऑटोक्लेव्ह केली (१२१ अंश, १ तास, लागोपाठ दोन दिवस) तर त्यातून अमोनियम आणि मँगॅनीज सुटतं. लगेच पेरू नका, आठवडा-दोन आठवडे ओलसर ठेवून मग पेरा. आणि निर्जंतुक मातीतल्या यशावर थांबू नका. खऱ्या मातीत आयएए खाणारे जिवाणूही असतात. स्यूडोमोनास पुटिडा १२९० हा वाण आयएए एकमेव कार्बनस्रोत म्हणून वापरतो आणि पॅराबर्खोल्डेरिया फायटोफर्मन्स पीएसजेएनसुद्धा ते फोडतो. निर्जंतुक न केलेल्या मातीत तोच प्रयोग पुन्हा करा, दर गटाला आठ-दहा कुंड्या, जागा चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या.

नत्रखत भरपूर दिलेल्या कुंडीत फरक झाकला जातो, म्हणून खताच्या दोन पातळ्या ठेवा: शिफारशीइतकी आणि तिच्या निम्मी किंवा पाऊण.


उलटतपासणी

आणि जिवाणू मुळावर आहेत की नाहीत हे कधी बघायचं?


शेवाळ

तीन वेळा: उगवणीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी, दोन आठवड्यांनी आणि फुलोऱ्यावर. मुळं हलक्या हाताने झटकून चिकटलेल्या मातीसकट १ ग्रॅम तोला, ९ मिली क्षारद्रावणात हलवा, विरलीकरण करून काँगो रेडवर लावा. पण मातीतले स्थानिक लाल वसाहतीवालेही त्यात येतात. म्हणून रिफॅम्पिसिन या प्रतिजैविकाला प्रतिरोधक असा वाणाचा उपप्रकार आधीच निवडून ठेवतात आणि थाळीत लिटरला १०० मिलिग्रॅम रिफॅम्पिसिन घालून फक्त तोच मोजतात. तो उपप्रकार मूळ वाणाइतक्याच वेगाने वाढतो का आणि तितकंच आयएए देतो का, हे आधी तपासायचं. प्रतिरोध आरएनए पॉलिमरेजमधल्या बदलाने येतो आणि कधी कधी वाढ मंदावते.

दोन आठवड्यांनी मुळाच्या ग्रॅममागे लाखाच्या खाली संख्या गेली असेल आणि तरीही पीक चांगलं दिसत असेल, तर फायदा पहिल्या काही दिवसांतल्या मुळाच्या घडणीत झाला असण्याची शक्यता जास्त. आणि आकडा तिसऱ्याच दिवशी पडलेला असेल तर वाणाला दोष देण्याआधी खुरपं यांचा प्रतिसाद पुन्हा वाचा: पाणी, औषध, वाळवण, याच क्रमाने.